आभाळात लागलेला आठवा

आमचे व्याही धनराजभाऊ यांना नागपूर ते टोरांटो हे अंतर तोंडपाठ आहे. साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. आमच्या वाशिमकडच्या मालेगावात त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि युरियाचं एक पोतं न्यायला आलेल्या माणसालाही हे अंतर ऐकल्याशिवाय पोतं मिळत नाही. मुलगा बबलू टोरांटोत नोकरीला आहे हे जगाला सांगायची ही त्यांची रीत. स्वतः ते विमानात एकदाही बसलेले नाहीत. बबलूला सोडायला नागपूरच्या विमानतळावर गेले, तिथे काचेच्या दारात जवानानं तिकीट मागितलं, तर 'मी पोराचा बाप हाये' म्हणून त्याच्याशी भांडून परत आले.

हे पंधरा तास त्यांनी मोबाइलवरच्या कुठल्याशा पानावरून काढलेले. दोन शहरांची नावं टाकली की ते पान दोघांमधे एक रेघ ओढतं आणि विमानाला किती वेळ लागेल ते सांगतं. तसं विमान खरंच सुटतं का, हे सांगणं त्या पानाचं काम नाही. अनसिंग ते मालेगाव टाकलं असतं तरी त्यानं विमानाची मिनिटं सांगितली असती. आणि धनराजभाऊंनी तीही पाठ केली असती, याबद्दल मला शंका नाही.

मी शीला, अनसिंगच्या हिरालाल माळ्यांची सून. आमचा भाजीचा मळा आहे. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, पालक, जे वाशिमच्या बाजारात सकाळी खपतं ते. माझी एकुलती एक नणंद अंजू ही धनराजभाऊंची सून, बबलूची बायको. शिकून इंजिनियर झाली आणि एवढं शिकून सासऱ्यापुढे मान खाली घालायला शिकली, असं मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ती हसली. तिला राग येत नाही, हाच तिचा मोठा दोष.

ती दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यात तिथेच, टोरांटोच्या फ्लॅटमधे, घरात एकटी असताना पोट पडलं होतं. बबलू ड्युटीवर होता. बाथरूममधे बसून तिनं मला फोन केला होता आणि मी इथे बांधावर उभी राहून 'अंजू, अंजू' एवढंच म्हणत होते. त्यामुळे या वेळी तिनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, मले दुसरं काई नको. बाळंतपनाले मले माझी माय जवळ पायजे." पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे, त्यात मागण्यासारखं काही नव्हतं. सातव्यात निघायचं, अनसिंगला यायचं, बाळंत व्हायचं. माझ्या सासूबाईंनी, हौसाबाईंनी, माळ्यावरची बाज काढून नव्यानं विणून घेतली होती.

पण सरळ होणारं काम सरळ होऊ दिलं तर धनराजभाऊंना विचारणार कोण?

सातवा निम्मा सरला तेव्हा ते पंचांग काखेत मारून आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझे सासरे समोर बसले. माझा नवरा धीरज खाली बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. बाप आणि व्याही बोलत असताना त्याच्या हातांना फार काम सुचतं. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच चौकटीला टेकून उभी राहिले, कारण हे तीन पुरुष एका बाईचे महिने मोजायला बसले होते आणि हा तमाशा सोडवत नव्हता.

"अमावस्येले सातवा सरते," धनराजभाऊ बोट पंचांगावर ठेवून म्हणाले. "त्याच्या आंधी पोरगी घरी पायजे. एकदा का आठवा लागला का आठव्यात गर्भार बाईनं येस ओलांडाची नाई."

"बरोबर हाये, इवाई," सासरे म्हणाले. ते या व्याह्याच्या प्रत्येक वाक्याला हेच म्हणतात. मुलगी त्यांच्या घरात दिली तेव्हापासून त्यांच्या मानेत दुसरी हालचाल उरलेली नाही.

"मंग आजच तिकीट काढा म्हना," मी बोलले. "अमावस्येले लय दिवस हायेत अजून."

माझ्याकडे न बघता धनराजभाऊंनी सासऱ्यांना सांगितलं की मधले दिवस प्रवासाला चांगले नाहीत, अमावस्येच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, उत्तम मुहूर्त आहे. "गुरुवारी तिकडून बसली का पंधरा तासात नागपूर. समृद्धीनं गाडी आनली का तीन तासात मालेगाव. अमावस्या लागाच्या आंधी पोरगी घरात."

मी विचारलं, "भाऊ, हे पंधरा तासाचं इमान कोन्या कंपनीचं हाये?"

"मोबाइलवर लिवेल हाये," ते म्हणाले.

"बरोबर हाये, इवाई," सासरे म्हणाले.

आठव्याच्या या रिवाजाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. माझा धाकटा पोटात होता तेव्हा आठव्यात मी भाजीच्या ऑटोत, वांग्याच्या पोत्यांवर बसून वाशिमच्या बाजारात जात होते. रोज वेस ओलांडत होते आणि रोज परत येत होते. तेव्हा या ओट्यावर कुणी पंचांग उघडलं नाही. उलट उशीर झाला की विचारायचे, आज भाव काय मिळाला. रिवाज हा ज्या बाईला बसवून खाऊ घालणं परवडतं तिच्यासाठी असतो, हे मला तेव्हाच कळलं होतं.

बबलूनं तिकीट काढलं. बापानं सांगितलेला गुरुवार, बापानं सांगितलेलं नागपूर. आणि तिकीट हातात आल्यावर त्या चिरंजीवांच्या ध्यानात आलं की नागपूरला सरळ येणारं विमान नाही. मधे दोनदा उतरायचं, एका ठिकाणी रात्रभर थांबायचं, शिवाय आपलं घड्याळ त्यांच्या पुढे. गुरुवारी निघालेली अंजू शनिवारी सकाळी नागपूरला उतरणार होती. अमावस्या शुक्रवारी.

धनराजभाऊ त्या दिवशी मोटरसायकलवर आले ते हेल्मेट न काढताच ओट्यावर चढले.

"आठवा आभाळात लागते!" ते ओरडले. "इवाई, पोरगी समुद्रावर रायते अन् तिले आठवा लागते! नदी ओलांडत नाई आपन आठव्यात, अन् हे समुद्र ओलांडून राह्यली!"

मला हसू फुटलं. खरंच फुटलं. एक मोठा माणूस, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत घाम, आणि आभाळात महिना कुठे पालटतो याची चिंता. पण माझ्याशिवाय कुणी हसलं नाही. सासरे पांढरे पडले होते. धीरजनं मेथीची बांधलेली जुडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"मंग एक दिवस आंधी निंघू द्या," मी म्हटलं. "बुधवारी."

"बुधवारी मुहूर्त नाई."

"मंग आठव्यात येऊ द्या. डॉक्टरनं सांगतलं ना, आता चालते, पुढं चालनार नाई. इमानवाले नवव्यात बसू देत नाईत म्हनते अंजू."

"डॉक्टरले काय कळते आपल्यातलं?" धनराजभाऊंनी शेवटी हेल्मेट काढलं. "तिकीट कॅन्सल. नववा लागला का येईन. पंधरा तासाचा तं प्रवास हाये, त्यात काय बसू देत नाईत?"

म्हणजे आपल्या डोळ्यांनी तिकीट बघूनही पंधरा तास पंधराच. माणूस एकदा गावभर एक आकडा सांगत सुटला की तो आकडा त्याच्या घरचा होतो, मग देव आला तरी बदलत नाही. बबलूला मी फोन लावला. तिकडे पुलांवर, टॉवरवर, कुठेही त्याचा आवाज स्वच्छ येतो, पण बापाच्या विरुद्ध बोलायचं म्हटलं की त्याचं नेटवर्क जातं. "वहिनी, ऐकू येत नाहीये," असं तो स्वच्छ आवाजात म्हणाला.

मग अंजूचाच फोन आला. मी मळ्यात होते. तिचा आवाज मी इतका ठाम कधी ऐकला नव्हता.

"वहिनी, मी गुरुवारी बसते इमानात. मालेगावच्या बाबांचं मी आयकत नाई, बबलूचंही आयकत नाई. पन आईले विचार. आई ये म्हनली तं येते. आईच्या मनात धाकधूक ठेवून मले तिच्या घरी बाळंत व्हायचं नाई."

मला इतका आनंद झाला की मी वाफ्यातून तशीच चिखलाच्या पायांनी घराकडे गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी डिंक तळत बसल्या होत्या. लाडवांचा डिंक. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, "आत्याबाई, एक शब्द बोला. ये म्हना फक्त."

त्यांनी झारा बाजूला ठेवला. अंजू पलीकडून "आई?" म्हणाली. ओट्यावर धनराजभाऊ अजून बसलेले होते, त्यांचा आवाज आत येत होता. आत्याबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्या फोनजवळ तोंड नेऊन हळू म्हणाल्या, "नको येऊ बाई आता. आंधीचं एक गेलं तुयं. रिस्क नको. नववा लागला का ये."

पलीकडून अंजू "बरं" म्हणाली.

मला आत्याबाईंचा तेव्हा जो संताप आला तो मी लपवला नाही. मी म्हटलं, जिचं आधीचं गेलं तिला तर आज जवळ घ्यायचं, की तिकडेच ठेवायचं? त्या खाली बघून डिंक हलवत राहिल्या. चाळीस वर्षं या घरात त्यांनी हेच केलं. कुणी ओट्यावरून बोललं की आत मान खाली. मला वाटलं, यांच्यात आणि सासऱ्यांत फरक एवढाच की सासरे 'बरोबर हाये' मोठ्यानं म्हणतात. डिंक करपला होता, तेही त्यांना कळलं नाही.

नववा लागला. लागल्यावरही धनराजभाऊंनी पुन्हा मुहूर्त काढला, म्हणजे आणखी काही दिवस गेले. ज्या दिवशी ती निघणार त्या पहाटे ते मालेगावहून गाडी ठरवूनच आमच्याकडे आले, दोन दिवसांनी नागपूरला जाताना गाडीत कुणी कुठे बसायचं ते सांगायला. उजाडत होतं. तिकडे संध्याकाळ होती. फोन वाजला आणि अंजूचा चेहरा दिसला. ती विमानतळावरच्या एका खुर्चीत बसली होती, पायाशी बॅग, मागे माणसांची रांग.

"नाई बसू देत," ती म्हणाली. "काउंटरवरच्या बाईनं डॉक्टरचं पत्र मांगतलं. त्याच्यावरची बाळंतपनाची तारीख पाह्यली, अन् नाई म्हने. लय उशीर झाला म्हने."

बबलू तिच्या शेजारी उभा होता. त्याचा फक्त शर्ट दिसत होता.

धनराजभाऊंनी माझ्या हातातून फोन ओढला. "त्या बाईले दे फोन! तिले सांग, पंधरा तासाचं तं काम हाये!"

आणि मी आजही शपथेवर सांगते, त्या पोरीनं खरंच फोन त्या काउंटरकडे वळवला. सवय. सासऱ्यानं सांगितलं म्हणून. पलीकडून गणवेशातली एक बाई आमच्याकडे बघत होती आणि हा माणूस अनसिंगच्या ओट्यावरून तिच्यावर मराठीत ओरडत होता. त्या बाईनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मला त्या वेळी तिच्याबद्दल आदर वाटला. निदान ती 'बरोबर हाये' म्हणाली नाही.

आता आत्याबाईंनी तिकडे जायचं म्हटलं तर पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, आणि सासऱ्यांनी लगेच आठवण करून दिली की लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. कुणी त्यांना जा म्हटलेलंच नव्हतं. पण रिवाज सांगायची संधी मिळाली की ते सोडत नाहीत.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बबलूनं फोटो पाठवला आणि धनराजभाऊंनी तो दुकानाच्या काचेवर मोठा करून लावला. तेरा-चौदा दिवस झाले असतील, ते पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन सकाळी आमच्याकडे आले. चेहरा असा की बाळंत तेच झाले. आत्याबाई तेव्हा अंजूशी व्हिडिओवर बोलत होत्या. बोलत म्हणजे, नात झोपलेली होती आणि त्या झोपलेल्या नातीकडे बघत होत्या.

"सूनबाई!" धनराजभाऊ आत्याबाईंच्या खांद्यावरून फोनमधे वाकले. "हॉल सांगतला मालेगावात. पोरीले घेऊन या, बारसं धूमधडाक्यात करू. कुंडली काढाले देली, अक्षर निंघते दोन दिवसात. सेवालाल महाराजांच्या गावचे वाजंत्रीवाले सांगतले. पंधरा तासाचं तं काम हाये!"

"बाबा, बारसं झालं," अंजू म्हणाली.

"कुठी झालं?"

"इथीच. परवा. नाव ठेवलं."

त्यानंतर धनराजभाऊ जे बोलले ते सगळं लिहायची गरज नाही. आत्येशिवाय नाव कसं ठेवलं, कानात कुर्र कुणी केलं, घराण्याची पहिली नात, हॉलवाल्याला काय सांगू, चार लोकांत तोंड कसं दाखवू. सासरे त्यांच्या मागे उभे राहून मान हलवत होते. धीरज मळ्यात निघून गेला. नाव काय ठेवलं, हे एवढ्या बोलण्यात धनराजभाऊंनी विचारलं नाही.

आत्याबाईंनी फोन स्वतःकडे फिरवून घेतला. "अंजे," त्या म्हणाल्या, "दुखनं सुरू झालं तवा कोन होतं तुयाजवळ?"

"खालच्या मजल्यावरची बाई होती. परमेश्वरी नाव हाये तिचं. श्रीलंकेची. आपल्या... तुया वयाची. बबलू ड्युटीवर होते, ते मागून आले. तिनंच गाडीत घालून नेलं. रातभर माया पाठीले हात लावून बसली. नर्स म्हने तुमी जा, तं नाई गेली." अंजू थांबली. "नावही तिच्याच मांडीवर ठेवलं. आई, तुले राग येईन, पन मी तिले आईच म्हनत होती. दुखत होतं ना, तं तोंडातून तेच निंघत होतं. तिनं हो म्हनलं दरवेळी."

मी आत्याबाईंकडे पाहू शकले नाही. इतके दिवस मी त्यांच्यावर मनातल्या मनात थुंकत होते, आणि आता त्यातलं काहीच हाताशी सापडेना. फक्त वाईट वाटत होतं. फार वाईट.

मागे धनराजभाऊंचं चालूच होतं. "कोन कुठची बाई, तिच्या मांडीवर आमची नात..."

आत्याबाई वळल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही. इतक्या वर्षांत मी ऐकला नसेल, अंजूनंही ऐकला नसेल, अशा आवाजात त्या म्हणाल्या, "इवाई, तुमी उठा आता. जा आपल्या घरी."

मुलीच्या आईनं व्याह्याला असं म्हणायचं नसतं. म्हणजे आमच्यात कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. धनराजभाऊंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी तोंड उघडलं.

"तुमीबी जा त्याईले सोडाले," आत्याबाई त्यांना म्हणाल्या.

दोघे निघाले. मी पेढ्यांचा बॉक्स उचलून त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि मोटरसायकलच्या सीटवर ठेवून दिला. धनराजभाऊंनी किल्ली फिरवली, मग थांबून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, "नाव काय ठेवलं म्हने?"

मला ठाऊक होतं. अंजूनं परवाच मला कळवलं होतं. मी फाटक लावून घेतलं.

आत आले तेव्हा आत्याबाई अंजूला सांगत होत्या, "त्या बाईले बलाव." थोड्या वेळानं फोनमधे एक पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची बाई आली आणि नमस्कार करून समोर बसली. तिला मराठी येत नव्हतं, आत्याबाईंना दुसरं काही येत नव्हतं. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आत्याबाईंनी अंजूला म्हटलं, "तिले विचार, मायी पोरगी लय रडली का?"

अंजूनं इंग्रजीत विचारलं. ती बाई हातवारे करत बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि आत्याबाई एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत ऐकत बसल्या.